मालिका कुणाची, हक्क कुणाचे

1995 साली ‘श्री अधिकारी ब्रदर्स टेलिव्हिजन नेटवर्क’ ही कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा मी अंधेरीतल्या एका भाड्याच्या एडिटिंग स्टुडिओत असिस्टंट होते. टीव्ही मालिका तयार करणाऱ्या कंपनीने लोकांकडे भांडवल मागायचं, हे आपल्याकडे पहिल्यांदाच घडत होतं. आमच्याकडे चहाच्या वेळी दुसरा विषयच नसायचा. गिरणीचा शेअर घेतला तर निदान गिरणीचं धुराडं दिसतं. इथे काय दिसणार? कॅमेरा भाड्याचा, लाइट भाड्याचे, मढ आयलंडवरचा बंगला शूटिंगपुरता घेतलेला, नटमंडळी रोजावर. एडिटिंग रूमसुद्धा आमच्यासारख्यांची, शिफ्टच्या हिशेबाने. मग अशा कंपनीच्या मालकीचं असतं तरी काय?

उत्तर आमच्या पाठीमागच्या लोखंडी रॅकवर होतं. बीटाकॅमच्या टेपा एकीला एक लागून उभ्या असायच्या. प्रत्येकीच्या कण्यावर हाताने लिहिलेलं लेबल: मालिकेचं नाव, भागाचा नंबर, लांबी, आणि ‘मास्टर’ की ‘टेलिकास्ट कॉपी’. टेपेच्या खालच्या बाजूला एक छोटा लाल खटका असे. तो आत दाबला की त्या टेपेवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. मास्टर तयार झाली की खटका दाबलाय ना हे बघणं माझं काम. शेअरचा विषय निघाला की आमचे सीनियर एडिटर त्या रॅककडे बोट दाखवत आणि म्हणत, “कंपनी ती आहे. बाकी सगळे रात्री पॅक-अप झालं की घरी जातात.”

अधिकारी बंधूंची पुढची तीस वर्षं बघितली की त्या वाक्यातलं काहीच बदलावंसं वाटत नाही.

गौतम आणि मार्कंड अधिकारी. गौतम दिग्दर्शक, मार्कंड व्यवहार सांभाळणारे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबई दूरदर्शनवर ‘बंदिनी’ ही मराठी मालिका आली, तिथून या दोघांची सुरुवात. आज ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना त्या मालिकेचं शीर्षकगीत अजून पाठ असेल. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला वरळीला सुरू झालं. पहिली बारा वर्षं तिथलं जवळजवळ सगळं काम केंद्राचेच पगारी निर्माते करायचे. नाटकवाले, गायक, वक्ते यायचे, रेकॉर्डिंग करून मानधन घेऊन जायचे. बाहेरच्या माणसाने मालिका तयार करून आणून द्यायची, हा प्रकार जुलै 1984 मध्ये ‘हम लोग’ सुरू झाल्यावर रुळला, आणि त्यातूनच खासगी निर्माता नावाची जमात जन्माला आली.

तेव्हाची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. निर्मात्याने स्वतःच्या पैशाने भाग तयार करायचा. दूरदर्शनला प्रसारणाची फी भरायची. त्या बदल्यात दूरदर्शन त्याला अर्ध्या तासामागे जाहिरातीचे ठरावीक सेकंद द्यायचं. धंद्यात त्याला ‘एफसीटी’ म्हणत. ते सेकंद साबणवाल्यांना, टूथपेस्टवाल्यांना, प्रेशर कुकरवाल्यांना विकून निर्मात्याने आपला खर्च आणि नफा काढायचा. सेकंद विकले गेले नाहीत, तर फी गेली आणि भागाचा खर्चही गेला. दिल्लीत दूरदर्शनच्या मंडी हाउसला मंजुरीसाठी खेटे, एजन्सीत स्पॉन्सरसाठी खेटे, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी शूटिंग. बायकोचे दागिने गहाण ठेवून पायलट भाग केलेले लोक मी पाहिलेत. पण या जुगाराची एक बाजू फार मोलाची होती. पैसा निर्मात्याचा असल्यामुळे मालिकाही निर्मात्याचीच राहायची. दूरदर्शनवरून उतरली की ती त्याच्या कपाटात परत यायची.

अधिकारींच्या कपाटात लवकरच बरंच काही जमलं. 1992 च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झालं आणि त्यावर ‘कमांडर’ आली. रमेश भाटकर हे नाव तोवर मराठी घरांत ओळखीचं होतं, ‘कमांडर’ने ते दिल्ली-लखनौपर्यंत पोचवलं. मग 1994 साली दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’.

या मालिकेबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण तिच्यासाठी मराठी रंगभूमीला मिळायला हवं तेवढं श्रेय आपण कधी दिलं नाही. लेखन अशोक पाटोळे यांचं, दिग्दर्शन राजन वाघधरे यांचं. शेजारी-शेजारी दोन घरं. एका घरात केशव आणि कोकिळा कुलकर्णी, म्हणजे केकू आणि कोकी. जतीन कनाकिया आणि रीमा लागू. दुसऱ्या घरात दिलरुबा आणि त्याची सिनेनटी बायको प्रेमा शालिनी; राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग. केकूचा जीव शेजारणीत, दिलरुबाचा जीव कोकीत. गोष्ट एवढीच. पण दार कधी उघडायचं, कोण सोफ्यामागे कधी लपायचं, संशयाचं वाक्य कुणाच्या तोंडी कधी पडायचं, हे सगळं शिवाजी मंदिरातल्या फार्सच्या तालमीतून आलेलं होतं. एडिटिंगला बसणाऱ्याला ते लगेच कळतं. फार्समध्ये कट मारायची जागा नट स्वतःच दाखवतो. रीमाताईंच्या चेहऱ्यावरचा क्षणाचा थांबा दोन फ्रेमने जरी कमी केला तरी हशा मरतो. कनाकिया मूळचे गुजराती रंगभूमीचे. त्यांनी कुलकर्णी केला आणि देशभर लोकांना तो खरा कुलकर्णी वाटला. 1999 साली ऐन भरात ते गेले.

तर 1995 मध्ये लोकांनी या कंपनीचे शेअर घेतले ते या मालिकांच्या भरवशावर.

पण त्याच सुमाराला धंद्याचं गणित उलटं फिरायला लागलं होतं. उपग्रह वाहिन्या वाढल्या आणि त्यांनी निर्मात्यासमोर वेगळा करार ठेवला. तू धोका घेऊ नकोस. भागामागे ठरलेली रक्कम आम्ही देऊ, जाहिराती आम्ही विकू. तू फक्त वेळेवर टेप दे. दागिने गहाण ठेवलेल्या माणसाला हे वरदानच वाटलं. दरमहा चेक यायला लागले, ऑफिसात एसी बसले, आमच्या स्टुडिओलाही उधारी चुकती व्हायला लागली. त्या कराराच्या मागच्या पानांवर एक परिच्छेद असायचा: मालिकेचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी, वाहिनीकडे. सही करताना तो कुणी वाचत नव्हतं. वाचून तरी काय, ज्याने हरकत घेतली त्याचा स्लॉट दुसऱ्याला जायचा. निर्माता मालकाचा ठेकेदार झाला तो या एका परिच्छेदाने. माझ्या मते भारतीय टेलिव्हिजनच्या इतिहासातली सगळ्यात मोठी मालकीबदलाची घटना हीच, आणि तिची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही.

हक्कांबद्दलची बेफिकिरी निर्मात्यांच्या स्वतःच्या अंगातही होती, हेही सांगितलं पाहिजे. टेप महाग असायची. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका निर्मात्याची मालिका बंद पडली, तेव्हा त्याने सगळ्या मास्टर परत मागवल्या आणि नव्या मालिकेच्या शूटिंगसाठी वापरायला काढल्या. लाल खटका बाहेर ओढला की टेप पुन्हा कोरी. माझ्या हातून तयार झालेल्या त्या मालिकेचा एकही भाग आज अस्तित्वात नाही. ती काही अमर कलाकृती नव्हती. पण तिच्यात तेव्हाचं गिरगाव होतं, तेव्हाच्या चाळीतलं बोलणं होतं, आणि दोन असे नट होते ज्यांचं दुसरं कुठलंच चित्रीकरण उरलेलं नाही. त्याचा राग मला आजही येतो.

अधिकारी बंधूंनी या परिस्थितीला दिलेलं उत्तर धाडसाचं होतं. वाहिनीच हक्क घेणार असेल, तर आपणच वाहिनी व्हायचं. 1999 साली त्यांनी ‘सब टीव्ही’ सुरू केली. नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून: श्री अधिकारी ब्रदर्स. मराठी माणसांनी काढलेली राष्ट्रीय हिंदी मनोरंजन वाहिनी, हे त्याआधी झालेलं नव्हतं. त्यावर ‘येस बॉस’सारख्या त्यांच्या स्वतःच्या मालिका होत्या, पुढे ‘ऑफिस ऑफिस’ आली, आणि वाहिनीला हळूहळू विनोदी वाहिनी अशी ओळख मिळाली. घरात वृद्ध माणूस असलेले लोक सांगत, आमच्याकडे दुपारी सबच लागलेलं असतं.

मालिका करणं आणि वाहिनी चालवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मालिकेला आठवड्याला ठरावीक भाग पुरवायचे असतात. वाहिनीला दिवसाचे चोवीस तास भरायचे असतात, उपग्रहाचं भाडं भरायचं असतं, आणि केबलवाल्याला राजी ठेवायचं असतं. हा शेवटचा मुद्दा बाहेरच्यांना ठाऊक नसतो. तेव्हा केबल अ‍ॅनालॉग होती आणि तारेत जागा मोजकी. वाहिन्या मात्र ढिगाने आलेल्या. कुठली वाहिनी चांगल्या बँडवर स्वच्छ दिसेल आणि कुठली शेवटी मुंग्या-मुंग्यांत जाईल, हे ठरवणं केबल ऑपरेटरच्या हातात होतं, आणि त्यासाठी तो पैसे घ्यायचा. स्टार, सोनी, झी यांच्याकडे वाहिन्यांचे गुच्छ होते. एक लोकप्रिय वाहिनी हवी असेल तर बाकीच्याही घ्या, असं ते म्हणू शकत. एकट्या वाहिनीला हे शक्य नसतं. जाहिरातीचे दर टीआरपीवर, टीआरपी दिसण्यावर, दिसणं केबलवाल्यावर, आणि केबलवाला पैशावर. त्याच वर्षांत ‘कौन बनेगा करोडपती’ आणि सासू-सुनांच्या मालिकांनी स्टार प्लस कुठल्या कुठे गेलं होतं. चांगला विनोद घेऊन त्या लाटेत उभं राहणं कठीण होतं.

मार्च 2005 मध्ये सोनीने सब टीव्ही विकत घेतली. किंमत 1 कोटी 30 लाख डॉलर. वाहिनी गेली, कंपनी अधिकारींकडेच राहिली.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा संबंध या विक्रीशी फारसं कुणी जोडत नाही. 28 जुलै 2008 ला सबवर ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ सुरू झाली. तारक मेहतांचा गुजराती सदरातला विनोद, गोरेगावची काल्पनिक गोकुलधाम सोसायटी, आणि हजारो भाग. विनोदी कौटुंबिक वाहिनी चालू शकते, हा अधिकारींचा अंदाज बरोबर निघाला. फक्त तो फळाला आला तेव्हा वाहिनी दुसऱ्याची होती. सोनीने ‘सब’ हे नाव मात्र काढलं नाही. दोन मराठी भावांची आद्याक्षरं आजही त्या वाहिनीच्या नावात आहेत. 2018 साली अधिकारी परिवाराने ‘श्रीमान श्रीमती’ नव्या संचात पुन्हा केली, ‘श्रीमान श्रीमती फिर से’, आणि ती लागली सबवरच. आपण स्थापन केलेल्या वाहिनीला पुरवठादार म्हणून मालिका द्यायची, हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. एक मात्र खरं, की मालिका त्यांची होती म्हणून ते ती पुन्हा करू शकले.

अधिकारी वाढत होते त्याच काळात मुंबईतच दुसरी एक कंपनी वाढत होती आणि तिची वाट नेमकी उलटी गेली. ती यूटीव्ही. 1990 साली रॉनी स्क्रूवाला यांनी ती काढली. त्याआधी त्यांनी टूथब्रशचा कारखाना चालवला होता आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या इमारतींमध्ये केबल टाकली होती, जेव्हा बहुतेकांना दूरदर्शनपलीकडे काही असू शकतं हेच ठाऊक नव्हतं. त्यांचे सोबती झरीना मेहता आणि देवेन खोटे. देवेन हे विजया मेहतांचे चिरंजीव आणि दुर्गा खोटे यांचे नातू.

इथे मला दुर्गाबाईंबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या पक्क्या निर्मात्या होत्या. फॅक्ट फिल्म्स आणि नंतर दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या त्यांच्या संस्थांनी अनेक वर्षं लघुपट आणि जाहिरातपट केले, आणि 1988 साली दूरदर्शनवर आलेली ‘वागळे की दुनिया’ ही दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. मध्यमवर्गीय मराठी कारकुनाचं घर हिंदीत इतक्या आपुलकीने त्यानंतर क्वचितच दिसलं. 2021 साली हे वागळे कुटुंब नव्या पिढीसह परत आलं, निर्मिती दुसऱ्या कंपनीची, आणि वाहिनी कुठली, तर सोनी सब.

यूटीव्हीने 1994 साली दूरदर्शनच्या दुपारच्या वेळेत ‘शांती’ आणली. रोजची मालिका ही कल्पनाच तेव्हा नवी. दुपार म्हणजे टीव्ही बंद, असाच समज होता. मंदिरा बेदीची पत्रकार शांती रोज यायला लागली आणि घरोघरी जेवणाची ताटं वेळेवर उचलली जाऊ लागली. तीन वर्षांनी सह्याद्रीवर ‘दामिनी’ आली, तीही रोजची, तीही दुपारी, आणि तिचीही नायिका पत्रकारच, प्रतीक्षा लोणकर.

स्क्रूवालांचा खाक्या वेगळा होता. ते भागीदार घेत, गोष्ट उभी करत आणि योग्य वेळी विकत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पने यूटीव्हीत हिस्सा घेतला, नंतर वॉरबर्ग पिंकस ही गुंतवणूक कंपनी आली. तमिळ विजय टीव्ही त्यांनी मल्ल्यांच्या समूहाकडून घेतली आणि 2001 साली तिची सूत्रं स्टारकडे गेली. 2004 मध्ये ‘हंगामा’ ही मुलांची वाहिनी काढली. शिनचॅन आणि डोरेमॉन हिंदीत बोलायला लागले आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पोरं शाळेत जायच्या आधी हिंदी बोलायला लागली. ही वाहिनी दोन वर्षांची होण्याआधीच, जुलै 2006 मध्ये, डिस्नेने ती 3 कोटी 5 लाख डॉलरना घेण्याचा करार केला. शिवाय 1 कोटी 40 लाख डॉलर देऊन यूटीव्हीचा 14.9 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे दुकानातली वस्तू तर घेतलीच, दुकानातही पाय रोवला.

नंतरचं सगळं पायरीपायरीने झालं. 2008 मध्ये डिस्नेचा हिस्सा 32 टक्क्यांवर, मग निम्म्यावर. 2011 च्या जुलैत उरलेले शेअर जास्तीत जास्त 1000 रुपये भावाने घ्यायची तयारी डिस्नेने दाखवली आणि फेब्रुवारी 2012 पर्यंत यूटीव्ही पूर्ण डिस्नेची झाली. 2013 संपता-संपता स्क्रूवाला बाहेर पडले. मधल्या काळात कंपनीने ‘रंग दे बसंती’, ‘खोसला का घोसला’, ‘उडान’ यांसारखे सिनेमे दिले होते. वाईजवळच्या मेणवलीत बराचसा चित्रित झालेला ‘स्वदेस’ही तिचाच, आणि त्याच नावाची स्क्रूवाला दांपत्याची संस्था आज रायगड जिल्ह्यात गावोगाव काम करते. परेश मोकाशींची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ थिएटरात आणली तीही यूटीव्हीने. तिचे नायक दादासाहेब फाळके स्वतः 1918 साली नाशिकला भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान कंपनी काढून, त्यांच्याशी मतभेद झाल्यावर काशीला निघून गेले होते. भांडवल एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं, हे भांडण आपल्याकडे बोलपटांच्याही आधीपासूनचं आहे.

डिस्नेला हिंदी सिनेमा झेपला नाही. ऑगस्ट 2016 मध्ये ‘मोहेंजो दारो’ पडला आणि त्यांनी हिंदी चित्रपटनिर्मितीतून अंग काढून घेतलं. त्याच डिसेंबरात त्यांचा ‘दंगल’ लागला, पुढच्या वर्षी चीनमध्ये त्याने हजार कोटींच्या वर धंदा केला. पण निर्णय झालेला होता. आज यूटीव्ही या नावाने नवं काही तयार होत नाही. इतक्या वर्षांत त्या कंपनीने शेकडो माणसांना हे काम शिकवलं. माझ्या ओळखीचे निम्मे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर तिथून बाहेर पडलेले. नावाची पाटी मात्र पुसली गेली.

अधिकारींच्या कंपनीचा उत्तरार्ध सुखाचा नाही. सब विकल्यानंतर त्यांनी ‘जनमत’ ही बातम्यांची वाहिनी काढली, ‘मी मराठी’ काढली, 2010 साली गाण्यांची ‘मस्ती’ काढली. म्हणजे पुन्हा वाहिन्याच, आणि पुन्हा तेच भाडं, तेच वितरण, तीच एकट्याने द्यायची लढाई. ऑक्टोबर 2017 मध्ये गौतम अधिकारी गेले. कंपनीवर कर्ज चढलं होतं. प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेलं आणि डिसेंबर 2023 मध्ये पुनर्रचनेची योजना मंजूर झाली. घरातल्या पुढच्या पिढीबरोबर बाहेरचे गुंतवणूकदार आले. 2024 मध्ये त्या शेअरला दिवसामागून दिवस वरचं सर्किट लागत राहिलं, तेव्हा मला अनेकांनी फोन करून विचारलं, तुम्ही त्या काळातल्या, घ्यावा का? मी सगळ्यांना एकच विचारलं: कंपनीकडे आता कुठल्या मालिकांचे हक्क आहेत ते बघितलंत का? कुणीच बघितलं नव्हतं.

मोठ्या माशांची गोष्टही याहून फार वेगळी नाही. सासू-सुनांच्या मालिका करणाऱ्या बालाजीत 2004 साली स्टारने सुमारे पाव हिस्सा घेतला होता. 2017 मध्ये रिलायन्सने 413 कोटी रुपये मोजून पुन्हा तेवढाच हिस्सा घेतला. मार्च 2019 मध्ये डिस्नेने फॉक्सबरोबर अख्खं स्टार इंडिया घेतलं, आणि विजय टीव्ही व हंगामा ही यूटीव्हीने वेगवेगळ्या घरी दिलेली दोन्ही लेकरं एका छपराखाली आली. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टार आणि वायाकॉम18 एक होऊन जिओस्टार झालं. या विलीनीकरणाला परवानगी देताना भारतीय स्पर्धा आयोगासमोर ज्या वाहिन्या विकून टाकायचं कबूल करण्यात आलं, त्यांत हंगामा होती आणि आपली कलर्स मराठीही होती, जी 2000 साली रामोजी राव यांच्या ईटीव्ही मराठीच्या रूपाने आली होती. सोनी आणि झी यांचंही लग्न 2021 मध्ये ठरलं होतं, ते जानेवारी 2024 मध्ये मोडलं. नाही तर सब आणि झी मराठी एकाच घरात नांदल्या असत्या. मराठी प्रेक्षक रात्री आठला रिमोट हातात घेतो, तेव्हा त्याच्या घरातल्या मालिकेचा मालक कोण, हे मुंबईत ठरतंच असं नाही.

मालक बदलतात याचं मला दुःख नाही. धंदा आहे, बदलणारच. माझं म्हणणं आजच्या मराठी निर्मात्यांना, लेखकांना आणि संगीतकारांना आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात तुमच्या बाजूने बरंच काही आहे. हक्क दुसऱ्याला देताना करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीने पटकथाकार, गीतकार आणि संगीतकारांना, त्यांचं काम थिएटराबाहेर जिथे जिथे वापरलं जाईल तिथल्या रॉयल्टीत वाटा दिला आहे, आणि तो सही करून सोडताही येत नाही. मुदतीची आणि प्रदेशाची ही मर्यादा लागू नये म्हणून तर करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द इतक्या अगत्याने घातलेले असतात. ते शब्द दिसले की पेन खाली ठेवा, वकिलाला दाखवा, निदान पुन्हा तयार करण्याचा हक्क आणि इतर भाषांतला हक्क स्वतःकडे मागा. दहातल्या नऊ वेळा नकार येईल. दहाव्या वेळी मिळालेलं तुमच्या मुलांना पुरेल, कारण चित्रित केलेल्या कामाचा कॉपीराइट साठ वर्षं चालतो. 1994 साली पहिल्यांदा दाखवलेल्या ‘श्रीमान श्रीमती’च्या भागांचा हक्क 2054 च्या अखेरपर्यंत जिवंत आहे.

आणि ज्यांच्या घरी, माळ्यावर, जुन्या ऑफिसच्या गोदामात दूरदर्शनच्या काळातल्या टेपा पडून आहेत, त्यांना हात जोडून विनंती: त्या या वर्षी फाइलवर उतरवून घ्या. सोनीने बीटाकॅमच्या टेपा विकणं 2016 मध्येच बंद केलं आहे, टेप वाचणारी यंत्रं आता मोजक्याच स्टुडिओंत उरली आहेत, आणि ती दुरुस्त करणारे माझे सहकारी एकेक करून निवृत्त होत आहेत.